एका तेलाची तीन कामे : मोटारसायकलचे इंजिन ऑइल आणि स्लिप होणारा क्लच

साताऱ्यात दुचाकीच्या तेलाविषयी बोलायचे तर सुरुवात 'प्रिया'पासून करावी लागते. १९७५ साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून महाराष्ट्र स्कूटर्स लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतून प्रिया स्कूटर रस्त्यावर आली. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ होता. शिक्षक, तलाठी, बँकेतले कारकून, कापडाचे व्यापारी अशा कितीतरी घरांत पहिले वाहन आले ते प्रियाच्या रूपाने. या जिल्ह्यात आज पन्नाशी-साठी गाठलेल्या अनेक मिस्त्रींचा हात बसला तोही याच गाडीवर.

प्रियाचे इंजिन टू-स्ट्रोक होते. इंजिनाला लागणारे तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असे. पंपावर मापाने 'टू-टी' घातले जाई, ते पेट्रोलबरोबर जळे आणि निळसर धुराच्या रूपाने बाहेर पडे. क्लच आणि गिअर यांचा कप्पा वेगळा होता. त्यात साधारण पाव लिटर साधे एसएई ३० तेल असे आणि कॉर्क लावलेल्या क्लच प्लेटा त्या तेलात फिरत. टू-टी तेल हलके निघाले तर पिस्टन जाम होई, सायलेन्सरमध्ये काजळी साचे. क्लचला त्या तेलाचा स्पर्शही होत नसे. येझदी, राजदूत, आरएक्स १०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलींतही इंजिनाचे तेल निराळे आणि गिअरचे निराळे होते. जुनी ओतीव लोखंडाची बुलेट फोर-स्ट्रोक होती, पण तिच्यातही इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचची चेनकेस असे तीन स्वतंत्र कप्पे होते. जुन्या पिढीच्या मिस्त्रींना एक गोष्ट अनुभवाने पक्की ठाऊक होती : इंजिनाचे तेल इंजिनापुरते.

ती समजूत १९८५ नंतर हळूहळू चुकीची ठरत गेली. त्या वर्षी हरियाणातल्या धारुहेडा येथील कारखान्यातून हिरो होंडाची सीडी १०० बाहेर पडली. ९७.२ सीसीचे ते छोटे फोर-स्ट्रोक इंजिन पेट्रोल बेताने पीत होते आणि धूर सोडत नव्हते. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली, २००१ मध्ये बजाजची पल्सर. पाहता पाहता सातारा-सांगलीच्या रस्त्यांवरचा टू-स्ट्रोकचा आवाज विरळ झाला. या नव्या गाड्यांत तेलाचा कप्पा एकच होता. पिस्टन, कॅम आणि बेअरिंग यांना वंगण देणारे तेल तेच, गिअरचे दात ज्यात फिरतात ते तेल तेच, आणि क्लच प्लेटा ज्यात बुडालेल्या असतात तेही तेच. गाडी बदलली तरी दुकानात तेल मागण्याची रीत मात्र जुनीच राहिली. 'एक लिटर इंजिन ऑइल द्या', एवढ्यावर आजही व्यवहार होतो.

व्याख्यानासाठी हा विषय काहींना किरकोळ वाटेल. व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अध्यात्म यांना मान मिळतो, यंत्राच्या तेलाला क्वचितच. पण या मातीची परंपरा वेगळे सांगते. सध्याच्या सांगली जिल्ह्यात, त्या वेळच्या औंध संस्थानाने दिलेल्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या उद्योगाचा आरंभ बेळगावातल्या सायकलच्या दुकानातून झाला होता. याच वाडीतून १९२० मध्ये शं. वा. किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. कारखान्याची माहिती देणारे ते पत्रक पुढे मराठीतले एक मोठे नियतकालिक झाले. यंत्राविषयी मराठीत आणि सर्वांना समजेल असे बोलण्याची सुरुवात आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच झालेली आहे. आज घरोघरी मोटारसायकल आहे. तिच्यावर दूध जाते, द्राक्षाच्या पेट्या जातात, मुले शाळेत जातात. तिच्या तेलाबद्दल मात्र आपण अंदाजावर भागवतो. हे बरे नव्हे.

मग तेल क्लचला नेमके काय करते? मोटारसायकलचा क्लच म्हणजे एकाआड एक रचलेल्या प्लेटांची चळत. त्यांतल्या काही पोलादी असतात. उरलेल्यांवर कॉर्कचे किंवा राळेत भिजवलेल्या तंतुमय कागदाचे अस्तर असते. एका प्रकारच्या प्लेटा इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या प्रकारच्या गिअरबॉक्सबरोबर. लिव्हर सोडली की स्प्रिंगा प्रेशर प्लेट दाबतात, सगळी चळत एकमेकींना घट्ट चिकटते आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे जाते. हे सारे तेलात चालते, आणि इथेच गंमत आहे : जे तेल घर्षण कमी करण्यासाठी घातले जाते त्याच तेलात क्लचला घर्षणाच्या जोरावर पकड धरायची असते. तेल लावलेले दोन तळहात एकमेकांवर दाबून पाहावेत. आधी ते सटकतात. जोराने दाबले की तेल बाजूला होते आणि पकड येते. क्लचमध्ये हेच घडते. प्लेटांवरच्या खाचांतून तेल बाहेर ढकलले जाते आणि मागे उरतो तो एक अतिशय पातळ थर. त्या थरात कोणती रसायने आहेत यावर पकड ठरते.

तेलाच्या डब्यात निव्वळ तेल नसते. त्यात मळ धरून ठेवणारी, गंज रोखणारी, फेस मोडणारी आणि धातूची झीज थांबवणारी रसायने मिसळलेली असतात. त्यांत एक वर्ग असतो 'फ्रिक्शन मॉडिफायर'चा. मॉलिब्डेनमची काही संयुगे त्यात येतात. ही रसायने धातूच्या पृष्ठभागाला चिकटून घर्षण आणखी कमी करतात. मोटारीच्या इंजिनात ती उपकारक आहेत, कारण मोटारीचा क्लच कोरडा असतो, इंजिनाच्या तेलाबाहेर असतो. घर्षण कमी झाले की पेट्रोल वाचते. मोटारसायकलच्या क्लच प्लेटांवर मात्र हाच थर बसला की त्या एकमेकींवरून सरकू लागतात.

हे जगाच्या लक्षात आले ते नव्वदीच्या दशकात. अमेरिकेत मोटारींच्या इंधनबचतीवर भर वाढला. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय या संस्थेच्या तेलांच्या श्रेणी बदलत गेल्या. १९८९ ची एसजी, नंतरची एसएच, १९९६ ची एसजे, २००१ ची एसएल, अशी ती मालिका २०२० च्या एसपीपर्यंत आली आहे. नव्या श्रेणींतली इंधन वाचवणारी तेले पातळ आणि अधिक निसरडी होत गेली. मोटारसायकलच्या क्लचला आणि गिअरला काय हवे, हा प्रश्न त्या श्रेणी ठरवणाऱ्यांसमोर नव्हता. मोटारसायकली बनवणाऱ्या जपानी कंपन्यांना तो सोडवणे भाग होते. वाहनांची जपानी मानके ठरवणाऱ्या संस्थेने, म्हणजे जासोने, १९९८ मध्ये फोर-स्ट्रोक मोटारसायकलींच्या तेलासाठी 'टी ९०३' हे स्वतंत्र मानक काढले. या मानकानुसार तेल एका यंत्रात घालतात. त्यात क्लचच्या प्लेटा पुन्हा पुन्हा फिरवून दाबल्या जातात. फिरत्या प्लेटा पकड कशी धरतात, थांबलेल्या प्लेटा सुटायला किती ताकद लागते आणि फिरते चाक थांबायला किती वेळ लागतो, हे तिथे मोजतात. त्यावरून तेलाला एमए किंवा एमबी हा वर्ग मिळतो. एमए म्हणजे क्लचला पुरेशी पकड देणारे तेल. एमबी म्हणजे कमी घर्षणाचे. २००६ मध्ये एमएचे एमए१ आणि एमए२ असे दोन पोटविभाग झाले. त्यांत एमए२ ची पकड अधिक.

दुकानात डबा हातात घेतल्यावर ही दोन-तीन अक्षरे शोधायची असतात. डब्याच्या मागच्या बाजूला दोन कप्प्यांची एक छोटी चौकट असते. वरच्या कप्प्यात कंपनीने नोंदवलेला सांकेतिक क्रमांक आणि खालच्या कप्प्यात एमए, एमए२ किंवा एमबी. हे प्रमाणपत्र कोणा सरकारी प्रयोगशाळेने डबा तपासून दिलेले नसते. तेल मानकात बसते अशी कंपनी स्वतः नोंद करते आणि त्याची जबाबदारी तिच्याकडे राहते. म्हणून डबा खरा असणे, सील शाबूत असणे, दुकान विश्वासाचे असणे याला महत्त्व आहे. काही डब्यांवर एपीआयचे गोल चिन्ह असते. त्याच्या खालच्या अर्ध्या भागात 'एनर्जी कन्झर्व्हिंग' किंवा 'रिसोर्स कन्झर्व्हिंग' असे छापले असेल तर ते तेल मोटारीसाठी उत्तम समजावे आणि गिअरच्या मोटारसायकलीपासून दूर ठेवावे.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो एकाच घरातल्या दोन गाड्यांमुळे. दारात स्प्लेंडर असते आणि शेजारी अ‍ॅक्टिव्हा. अ‍ॅक्टिव्हासारख्या बिनगिअरच्या स्कूटरचा क्लच बेल्टच्या कप्प्यात असतो. तो कोरडा असतो, वेग वाढला की आपोआप लागतो आणि इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध येत नाही. म्हणून होंडा या स्कूटरसाठी १०डब्ल्यू-३० जाडीचे एमबी तेल सांगते. स्प्लेंडरलाही १०डब्ल्यू-३० लागते, पण एमए वर्गाचे. आकडे तेच, डब्यांचे रंगही बऱ्याचदा सारखे. स्कूटरसाठी आणलेल्या डब्यातले उरलेले तेल मोटारसायकलमध्ये ओतले जाते आणि काही दिवसांनी तक्रार सुरू होते : 'गाडी ओढत नाही, नुसतीच रेस होते.' उलट प्रकार घडला, म्हणजे एमए तेल स्कूटरमध्ये गेले, तर तिच्या क्लचचे काही बिघडत नाही. फार तर अ‍ॅव्हरेजमध्ये किंचित फरक पडेल. घरात एकच डबा ठेवायचा असेल तर कोणता, याचे उत्तर यातच आहे.

आता आकड्यांकडे वळू, कारण लोक सर्वांत जास्त वाद घालतात ते त्यांवर. १०डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-४०, २०डब्ल्यू-५०, १५डब्ल्यू-५० हे आकडे एसएई या संस्थेच्या मापनातून आले आहेत. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतले वागणे सांगतो. १०डब्ल्यू तेलाच्या चाचण्या उणे २५ आणि उणे ३० अंशांवर होतात, २०डब्ल्यूच्या उणे १५ आणि उणे २० अंशांवर. महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची बातमी एखाद्या हिवाळ्यात येते. आपली थंडी त्यापलीकडे जात नाही. दोन्ही तेले इथे वाहतीच राहतात, फक्त पहाटेच्या पहिल्या किकला पातळ तेल वरच्या कॅमपर्यंत लवकर पोहोचते. डब्ल्यूनंतरचा आकडा इंजिन तापल्यावरची जाडी सांगतो. १०० अंशांवर ३० च्या तेलाची दाटी साधारण ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्स, ४० ची १६.३ पर्यंत आणि ५० ची २१.९ पर्यंत असते. स्प्लेंडरच्या तेलपंपाची आणि बेअरिंगांच्या फटींची आखणी ३० साठी आहे. पल्सर १५० च्या पुस्तिकेत २०डब्ल्यू-५० लिहिलेले आहे. रॉयल एनफिल्डच्या नंतरच्या इंजिनांना १५डब्ल्यू-५० आणि एमए२ लागते. जतच्या उन्हात गाडी तापते म्हणून स्प्लेंडरमध्ये ५० चे तेल भरणारे अनेक आहेत. त्यांना इंजिनाचा आवाज मऊ झाल्यासारखा वाटतो, पण पिकअप जड होतो, पेट्रोल जास्त जाते आणि सकाळी क्लच दाबूनही प्लेटा नीट सुटत नसल्याने न्यूट्रल सापडत नाही. कंपनीने एकाहून जास्त आकडे दिले असतील तर त्यांतूनच निवड करावी.

क्लच स्लिप होण्याचे कारण जाडीत शोधणेही चुकीचे आहे. पकड ठरवतात ती रसायने. तसेच सिंथेटिक तेलाबद्दलही म्हणता येईल. 'सिंथेटिक टाकलं आणि क्लच गेला' असे पुष्कळ ऐकू येते. पूर्ण सिंथेटिक असूनही एमए२ वर्गात बसणारी तेले बाजारात आहेत आणि ती क्लचला पूर्ण पकड देतात. असे योग्य वर्गाचे तेल घातल्यावरही लगेच क्लच स्लिप झाला तर बहुतेक वेळा प्लेटा आधीच झिजलेल्या असतात.

शेतकरी घरांतून हटकून येणारा एक प्रश्न आहे : ट्रॅक्टरचे तेल बाईकला चालते का? विहिरीवर डिझेल इंजिने आली तेव्हापासून इकडच्या शेतात तेलाचा डबा कायमचा आहे, आणि एकच डबा सगळीकडे वापरण्याची सवय तिथूनच आली असावी. डिझेल इंजिनासाठीच्या १५डब्ल्यू-४० तेलात साधारणपणे इंधनबचतीची निसरडी रसायने नसतात. त्यामुळे ते घातल्यावर क्लच लगेच स्लिप होत नाही आणि लोकांचा समज पक्का होतो. परदेशात काही डिझेल तेलांवर जासो एमएचा शिक्काही असतो. पण शिक्का नसलेल्या डिझेल तेलाची क्लचवरची चाचणी झालेली नसते आणि छोट्या, वेगाने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाची व त्याच्या गिअरची गरज डोळ्यांसमोर ठेवून ते बनवलेले नसते. मोटारसायकलच्या तेलाला आणखी एक मार सोसावा लागतो. गिअरचे दात तेलातले लांबलचक रेणू अक्षरशः कातरतात आणि ४० चे तेल काही हजार किलोमीटरनंतर ३० सारखे वागू लागते. मोटारीच्या इंजिनातले तेल गिअरच्या दातांत सापडत नाही. जासोचे मानक हे कातरले जाणेही तपासते. झीज थांबवणाऱ्या फॉस्फरसचे प्रमाण ते ०.०८ ते ०.१२ टक्के या मर्यादेत ठेवते. त्याहून कमी झाले तर गिअर झिजतात, जास्त झाले तर सायलेन्सरमधले उत्प्रेरक निकामी होऊ लागतात. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले असल्यामुळे ही वरची मर्यादा आता प्रत्येक नव्या गाडीशी संबंधित आहे. दुकानात मिळणाऱ्या 'इंजिन ट्रीटमेंट'च्या बाटल्यांबाबत सल्ला एकच : गिअरच्या मोटारसायकलमध्ये त्या ओतू नयेत.

मात्र तेलाला दोष देण्यापूर्वी लिव्हर हातात घेऊन पाहावी. क्लच स्लिप होण्याची कितीतरी प्रकरणे तेलापर्यंत पोहोचतच नाहीत. लिव्हरला थोडा मोकळा 'प्ले' असावा लागतो. होंडा आणि हिरोच्या पुस्तिकांत तो लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर दिलेला असतो. काही कंपन्या तो लिव्हरच्या मुळाशी मोजतात, तिथे आकडा दोन-तीन मिलिमीटरचा असतो. प्ले नसेल तर केबल सतत ताणलेली राहते, प्रेशर प्लेट पूर्ण दाबली जात नाही आणि चालक लिव्हरला हात न लावता अर्धवट क्लचवर गाडी चालवत राहतो. यात एक दुष्टचक्र आहे. प्लेटांचे अस्तर झिजले की बहुतेक गाड्यांत प्ले आपोआप कमी होत जातो. प्ले कमी झाला की प्लेटा सरकतात आणि सरकल्या की आणखी झिजतात. 'क्लच हलका करून द्या' म्हणून मिस्त्रीकडून केबल आवळून घेणारा माणूस त्या चक्राला वेगच देतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही प्ले टिकतो का, हे पाहायला अर्धे मिनिट लागते. ते अर्धे मिनिट दर आठवड्याला द्यावे.

स्लिप ओळखायची कशी, हे कोणालाही जमेल. मोकळ्या, सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेगाने जाताना अ‍ॅक्सिलरेटर झटकन पिळावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी त्या प्रमाणात पुढे गेली नाही, तर क्लच स्लिप होतो आहे. चढावर हे लवकर कळते. जळक्या अस्तराचा वास आणि घटलेला अ‍ॅव्हरेज या त्यापुढच्या खुणा.

चढ म्हटले की साताऱ्याचे घाट आले. सप्टेंबरात कास पठार फुलले की यवतेश्वरच्या चढावर गाड्यांची रांग लागते. मागे सहप्रवासी, पुढे मोटार, आणि मोटारसायकलवाला पहिल्या गिअरमध्ये हाफ क्लचवर गाडी तोलत उभा. ब्रेकने उभी करायची गाडी तो क्लचवर उभी करतो. त्या काही मिनिटांत प्लेटांमध्ये जी उष्णता होते तिने पोलादी प्लेटा निळ्या पडून वाकतात आणि अस्तरावर काचेसारखा तुकतुकीत थर येतो. असा थर आलेल्या प्लेटा उत्तम एमए२ तेलातही पकडत नाहीत. पसरणी घाट, केळघर घाट, कुंभार्ली घाट, सगळीकडे हीच गोष्ट. चढावर थांबायचे तर ब्रेक लावावा, निघताना क्लच एकदा नीट सोडावा आणि इंजिन दमते आहे असे वाटले तर खालचा गिअर टाकावा. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या अडकवून पहाटे डेअरीकडे निघालेल्या गाडीला हे अधिकच लागू पडते. तिच्यावर रोजचे ओझे असते, तिला दर काही मिनिटांनी थांबून पुन्हा निघायचे असते, वाटेत धूळही असते. बहुतेक पुस्तिकांत धुळीच्या आणि जड वापरासाठी तेल लवकर बदलण्याची सूचना असते. दूधवाल्याच्या गाडीसाठी खरी मुदत तीच.

सांगलीचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो अधिक गंभीर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २००५ आणि २०२१ मध्येही शहराने आणि नदीकाठच्या गावांनी पूर पाहिला. माणसे, जनावरे, धान्य वाचवताना दुचाकीकडे पाहायला कोणाला सवड असणार? गाड्या दारातच बुडाल्या. पाणी ओसरल्यावर मात्र एक चूक हजारो रुपयांची ठरते : गाडी चालू होते का हे बघण्यासाठी किक मारणे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. तेलात पाणी असेल तर त्याचे दुधाळ, पांढुरके मिश्रण होते, आणि ते बेअरिंगांनाही सांभाळत नाही, क्लचलाही. बुडालेल्या गाडीची बॅटरी आधी सोडवावी. प्लग काढून सिलिंडर मोकळा करावा. ड्रेन नट काढून तेल पूर्ण उतरवावे, मग स्वस्त पण योग्य वर्गाचे नवे तेल घालून थोडा वेळ इंजिन फिरवावे आणि तेही काढून टाकावे. उतरलेल्या तेलात दुधाळपणा दिसेल तोवर हे पुन्हा करावे लागते. क्लच कव्हर उघडून प्लेटा पाहाव्यात, कारण अस्तर डिंकाने चिकटवलेले असते आणि पाणी त्या जोडाचे नुकसान करते. पुराचा बारीक गाळ क्लच केबलच्या आवरणात शिरतो. मग केबल अडकते, लिव्हर पूर्ण परत येत नाही आणि क्लच स्लिप होऊ लागतो. पुरानंतर नवी केबल घालणे हा सर्वांत स्वस्त इलाज आहे.

चुकीचे तेल भरले गेलेच, तर घाबरून लगेच प्लेटा बदलू नयेत. तेल पूर्ण काढावे, योग्य वर्गाचे भरावे, काही शे किलोमीटरनंतर तेही बदलावे. अस्तर जळलेले नसेल तर बऱ्याच गाड्यांत पकड परत येते. प्लेटा बदलायची वेळ आलीच तर स्प्रिंगांची लांबीही मोजून घ्यावी आणि पोलादी प्लेटा काचेवर ठेवून वाकल्या आहेत का ते पाहावे. नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी तेलात भिजवून ठेवाव्या लागतात. कोरड्या बसवल्या तर पहिल्याच फेरीत त्यांचे अस्तर करपते. चांगले मिस्त्री हे न सांगता करतात. घाईच्या गॅरेजात ग्राहकाने आठवण करून द्यावी.

तेलाची पातळी बघण्यातही गफलत होते. इंजिन काही मिनिटे चालवावे, बंद करून दोन-तीन मिनिटे थांबावे, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करावी आणि मग मोजावे. होंडा-हिरोच्या गाड्यांत गेज पुसून फक्त आत टेकवायचा असतो, आटे आवळायचे नसतात. आवळून मोजले तर कमी असलेले तेल पुरेसे दिसते. तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, असेही नाही. मळ धरून ठेवणारे रसायन आपले काम करत असल्यानेच तेल काळे होते. बोटांत चोळून तेलाची पारख करणारे दुकानदार आणि ग्राहक दोघेही स्वतःची समजूत काढत असतात. खेड्यातल्या दुकानात पिंपातून मापाने मिळणारे सुटे तेल तर घेऊच नये. त्यावर ना जाडी लिहिलेली, ना वर्ग, ना कंपनी. गाळून पुन्हा विकलेले जळके तेलही त्यात असू शकते.

जळक्या तेलाचे काय होते, हेही या दोन जिल्ह्यांना विचारायला हवे. ते गटारात ओतले तर ओढ्यात जाते आणि ओढा कृष्णेला किंवा वारणेला मिळतो. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडते. १ एप्रिल २०२४ पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवर वापरलेले तेल गोळा करून त्याचे पुनःशुद्धीकरण करून घेण्याची जबाबदारी टाकण्यात आली आहे. गॅरेजवाल्यांनी ते झाकणाच्या डब्यात साठवून नोंदणीकृत संकलकालाच द्यावे आणि ग्राहकांनी त्याबद्दल विचारणा करावी.

एक मागणी मात्र कंपन्यांकडे करायची आहे, आणि ती या दोन जिल्ह्यांतल्या ग्राहक संघटनांनी, गॅरेजवाल्यांच्या संघटनांनी आणि आयटीआयमधल्या शिक्षकांनी मिळून करावी. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या दुचाकीच्या तेलाच्या प्रत्येक डब्यावर, समोरच्या बाजूला, ठळक मराठीत दोनपैकी एक ओळ छापली जावी : 'गिअरच्या मोटारसायकलसाठी' किंवा 'बिनगिअरच्या स्कूटरसाठी'. त्याला फारसा खर्च नाही. इंग्रजी संकेत न वाचता येणाऱ्या दूधवाल्याला तेवढी एक ओळ पुरेल.